उन्हात तडकणारा आणि उन्हातच सांधणारा कागद

सांगली जिल्ह्यात जत, कवठेमहांकाळकडे शेततळ्याच्या अस्तराला प्लास्टिक कमी जण म्हणतात, तो ‘कागद’. पाण्याखालचा कागद शाबूत राहतो, पण काठावर उघडा पडलेला पट्टा आधी विटतो, मग कडक होतो आणि अखेर नुसता दुमडला तरी तडकतो. उन्हातील अतिनील किरणांनी पॉलिथिनच्या लांब साखळ्या तुटतात, तुटलेली टोके हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि मग ती एकमेकांना पुन्हा कधीच जुळत नाहीत.

तुटल्यावर पुन्हा जुळेल असा बंधच प्लास्टिकमध्ये गुंफता येईल का? 2001 मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात इपॉक्सी या कडक प्लास्टिकमध्ये द्रवाच्या सूक्ष्म कुप्या पेरण्यात आल्या. भेग गेली की कुपी फुटे, द्रव भेगेत भरून घट्ट होई आणि 75 टक्क्यांपर्यंत चिवटपणा परत येई. मात्र एकदा रिकामी झालेली कुपी पुन्हा उपयोगाची नव्हती.

मला अधिक मोलाची वाटते ती प्रकाशाची वाट. दालचिनीवरून नाव पडलेल्या सिनॅमिक आम्लाचे, प्लास्टिकच्या साखळ्यांत गुंफलेले दोन रेणू समोरासमोर आले आणि त्यांच्यावर अतिनील किरण पडले, की त्यांच्यातील दुहेरी बंध उघडून चार कार्बनचे चौकोनी कडे तयार होते. हे कडे साखळीतील सर्वांत नाजूक दुवा असल्यामुळे भेग पडताना आधी तेच उसवते आणि मूळचे दुहेरी बंध परत मिळतात. त्यांच्यावर पुन्हा प्रकाश पडला की कडे पुन्हा जुळू शकते. कूमरिन या वनस्पतींत आढळणाऱ्या सुगंधी संयुगाचेही असेच आहे: 300 नॅनोमीटरहून लांब अतिनील लहरींनी ते जुळते आणि 254 नॅनोमीटरला सुटते. ही सोडवणारी लहर ओझोनच्या थरामुळे जमिनीपर्यंत पोहोचतच नाही, म्हणजे शिवारातल्या उन्हात जोडणीचेच पारडे जड राहते.

तरीही उंदराने कुरतडलेले भोक याने बुजणार नाही, कारण भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकलेल्या हव्यात. शिवाय साखळ्यांना थोडे सरकता यायला हवे; फार कडक प्लास्टिक सांधत नाही आणि फार मऊ प्लास्टिक पाण्याचा भार पेलत नाही. सर्वांत अवघड पेच काजळीचा आहे. कागद उन्हापासून वाचावा म्हणून त्यात काजळी मिसळतात आणि नेमकी तीच सांधणारा प्रकाश आत जाऊ देत नाही. म्हणून अख्खा कागद बदलण्यापेक्षा काळ्या कागदावर सांधणाऱ्या प्लास्टिकचा पातळ, पारदर्शक थर चढवणे मला अधिक व्यवहार्य वाटते. मात्र तो थर स्वतः किती उन्हाळे टिकतो, हे काठावरच्या त्याच उघड्या पट्ट्यावर पारखावे लागेल.