पटल वनस्पतीलाही असतं!

‘वनस्पतीपेशीला पेशीभित्तिका असते, प्राणीपेशीला पेशीपटल असतं.’ हे वाक्य मुलांच्या वह्यांत, गाइडांत, स्पर्धापरीक्षेच्या नोट्समध्ये आणि ‘पाच मिनिटांत पेशी’ छाप व्हिडिओंत इतक्यांदा भेटतं की त्याचा राग यायचाही आता कंटाळा आलाय. वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते मरत नाही. प्राणीपेशीला भित्तिका नसते, हे बरोबर. पण पटल सगळ्यांना असतं: आंब्याच्या पानातल्या पेशीला, भाकरीवरच्या बुरशीला, दह्यातल्या जीवाणूला आणि तुमच्या गालाच्या आतल्या पेशीला. पटल नसलेली जिवंत पेशी अजून कुणाला सापडलेली नाही. भित्तिका ही काही जणांनी पटलाच्या बाहेर उभारलेली जादाची गोष्ट. म्हणजे इथे ‘हे की ते’ असा सामनाच नाही. एकीकडे नुसतं पटल, दुसरीकडे पटल अधिक भित्तिका.

पटलाची ओळख शाळेत झालेली आहे, तेव्हा भरभर: मेदाचे दोन थर, त्यांत रुतलेली प्रथिनं, जाडी साधारण ७ ते १० नॅनोमीटर, आणि या रचनेचं सिंगर व निकोल्सन यांनी मांडलेलं १९७२ चं मॉडेल. भित्तिका कशाची बनते हे तर निव्वळ पाठांतर: वनस्पतीत सेल्युलोज, कवकांत, म्हणजे बुरशींत, कायटिन, जीवाणूंत पेप्टिडोग्लायकन. ‘फरक स्पष्ट करा’च्या तक्त्यात जाड-पातळ, ताठ-लवचीक अशा ओळी भरल्या की गुण मिळतात. मिळवा बापडे. पण त्या ओळी पाठ असलेला विद्यार्थीही पुढच्या प्रश्नाला हमखास अडखळतो.

प्रश्न असा: पेशीच्या आत काय यायचं आणि बाहेर काय जायचं, हे कोण ठरवतं?

‘अर्थात भित्तिका! ती जाड आहे, मजबूत आहे, सगळ्यांत बाहेर आहे.’ इथेच गाडी रुळावरून घसरते. वनस्पतीची साधी भित्तिका पाणी अडवत नाही, मीठ अडवत नाही, साखर अडवत नाही. सेल्युलोजच्या धाग्यांच्या त्या विणीत साधारण ४-५ नॅनोमीटर रुंदीच्या मोकळ्या वाटा असतात आणि ग्लुकोजचा रेणू जेमतेम १ नॅनोमीटरचा. मोठी प्रथिनं अडकतील, बाकी सारं आरपार. निवड करतं ते आतलं इवलंसं पटल. पाण्याला ते वाट देतं. त्यासाठी खास प्रथिनमार्ग आहेत, आणि ते शोधल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ चं नोबेल मिळालं. मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, मात्र पटलातून सहजी जात नाहीत. त्यांना ठरलेले मार्ग आणि पंप लागतात, आणि पंप चालवायला पेशी ऊर्जा खर्च करते.

यावर विश्वास ठेवू नका, बघा. लाल कांद्याच्या पाकळीची जांभळी बाहेरची साल सोलून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा. प्रत्येक पेशी काठोकाठ जांभळी दिसेल. तो रंग आतल्या मोठ्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत, असतो. आता एका बाजूने मिठाचं दाट पाणी सोडा आणि दुसऱ्या बाजूने टिपकागदाने साधं पाणी ओढून घ्या. थोड्या वेळात जांभळा भाग कोपऱ्यांतून सुटू लागतो, आक्रसतो आणि पेशीच्या मध्ये गोळा होतो. बाहेरची चौकट आहे तिथेच. यालाच रससंकोच म्हणतात. अकरावी-बारावीला हाच प्रयोग ऱ्होओ या शोभेच्या झाडाच्या पानावर करतात.

इतपत सगळे मजेत असतात. मग मी विचारतो: आक्रसलेला जांभळा गोळा आणि बाहेरची चौकट यांच्यामधल्या जागेत काय आहे? वर्ग गप्प. कुणी म्हणतं हवा, कुणी पोकळी, कुणी निर्वात, एखादा धीट ‘पेशीद्रव’ म्हणून बघतो. तिथे आहे मिठाचं पाणी, तुम्ही बाहेरून सोडलंत तेच. भित्तिकेने त्याला अडवलंच नाही. ते सरळ आत आलं आणि पटलापाशी थांबलं. पटलाने मीठ आत घेतलं नाही, पण पाणी बाहेर जाऊ दिलं, म्हणून गोळा आक्रसला. भित्तिका निवड करत असती तर मीठ चौकटीबाहेरच राहिलं असतं आणि ही फट मिठाच्या पाण्याने भरलीच नसती. या एका प्रश्नाचं उत्तर कारणासकट देता आलं, तर तक्ता फाडून टाकलात तरी चालेल.

आणखी दोन पडताळे इथेच उरकून घेऊ. मिठाचं पाणी काढून पुन्हा साधं पाणी सोडलं, फार उशीर झालेला नसला, तर जांभळा भाग पसरून चौकट पुन्हा भरतो. आणि कांद्याची साल आधी उकळून घेतली, तर मिठाच्या पाण्यात आक्रसण्याचा खेळ होतच नाही. भित्तिका जागच्या जागी आहे, पण पटल निकामी झालंय, त्यामुळे निवडणारं कुणी उरलेलं नाही. सूक्ष्मदर्शक नसेल तर बीट घ्या. कच्च्या बिटाच्या चकत्या गार पाण्यात धुतल्या की कापताना फुटलेल्या पेशींचा रंग निघून जातो, आणि नंतरचं पाणी बरंच स्वच्छ राहतं. त्याच चकत्या गरम पाण्यात टाका, पाणी लालेलाल. पण चकतीचा आकार तसाच. उष्णतेने पटलं निकामी झाली, भित्तिका बहुतांशी शाबूत राहिल्या, आणि रंगाला त्यांची काहीही अडचण झाली नाही.

खुद्द वनस्पतीलाही ही गोष्ट ठाऊक असल्यासारखं ती वागते. मुळात शिरलेलं पाणी कुठल्याही पटलाला न भेटता, नुसतं भित्तिकांमधून बरंच आतपर्यंत जाऊ शकतं. सोबत जमिनीतले नकोसे क्षारही. मग आतल्या एका थराच्या भित्तिकांमध्ये लिग्निन, सुबेरिन यांसारखा पाणी अडवणारा माल भरलेला असतो. हीच ती कॅस्परी पट्टी. तिथे भित्तिकेची वाट बंद होते आणि पुढे जायचं तर पटलातूनच जावं लागतं. भित्तिका मुळातच राखणदार असती तर हा खटाटोप कशाला केला असता? सुबेरिन, क्युटिन, लिग्निन असा माल भरलेल्या भित्तिका पाणी अडवतात हे खरंच. पण ते त्या मालाचं काम, सेल्युलोजचं नव्हे.

मग भित्तिका हवीच कशाला? दाबासाठी. सायकलच्या चाकात हवा धरून ठेवते ती ट्यूब. टायरला चीर असली तरी हवा जात नाही. पण टायर काढून नुसत्या ट्यूबमध्ये पंप मारत राहिलात तर ती फुगत जाते आणि फुटते. पटल म्हणजे ट्यूब, भित्तिका म्हणजे टायर. पेशीच्या आत साखरा, क्षार, प्रथिनं यांची गर्दी, बाहेर त्यामानाने साधं पाणी. त्यामुळे परासरणाने पाणी सतत आत यायला बघतं. तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात टाकली तर फुगून फुटते, म्हणूनच सलाईनमध्ये ०.९ टक्के मीठ असतं. पालकाची पेशी त्याच शुद्ध पाण्यात फुगते, भित्तिकेवर रेलते आणि थांबते. आतला हा दाब वनस्पतीपेशीत सहज ५ वातावरणांच्या घरात असतो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या दुपटीहून जास्त. काही जीवाणूंत तो २० वातावरणांपर्यंत जातो. ७-८ नॅनोमीटरचं मेदाचं पटल एकट्याने हे पेलणं शक्यच नाही.

मंडईत भाजीवाल्या मावशी पालेभाजीवर पाणी मारतात ते हा दाब टिकावा म्हणून. कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, तेव्हा हाच दाब उतरतो. प्राण्यांनी भित्तिकेशिवाय दुसरे उपाय काढले. आपलं शरीर पेशींभोवतीचं पाणी पेशीच्या जोडीचं खारट ठेवतं आणि पटलातले पंप सोडियम बाहेर फेकत राहतात: दर फेरीला ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. गोड्या पाण्यातल्या अमीबाला तीही सोय नाही. तो संकोची रिक्तिकेतून पाणी उपसत बसतो.

आता माझ्या दोन चिडचिडी.

पहिली, कांद्याच्या पापुद्र्याची आकृती. मुलं दोन समांतर रेषा काढून बाहेरच्या रेषेला ‘पेशीभित्तिका’ आणि आतल्या रेषेला ‘पेशीपटल’ असं नाव देतात, आणि तपासणारे त्यावर बरोबरची खूण करतात. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरच्या खालचं काही वेगळं दाखवता येत नाही. ७-८ नॅनोमीटरचं पटल, तेही भित्तिकेला चिकटून बसलेलं, तुम्हाला कुठून दिसलं? त्या दोन रेषा भित्तिकेच्याच. रससंकोच घडवल्यावर आक्रसलेल्या भागाची कडा दिसते, आणि पटल कुठे आहे एवढं फक्त तिच्यावरून कळतं. प्रयोगवहीत जे दिसलं ते काढायचं असतं, पुस्तकात जे छापलंय ते नव्हे. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले त्याही मेलेल्या पेशींच्या भित्तिकाच होत्या. पटल तिथून केव्हाच नाहीसं झालं होतं.

दुसरी, ‘भित्तिका निर्जीव, पटल सजीव’ ही तक्त्यातली लाडकी ओळ. एकट्या रेणूंच्या थराला सजीव म्हणायचं तरी कसं? आणि वाढत्या पेशीची भित्तिका काही नुसती पडून नसते. तिच्यात विकरं (एन्झाइम) काम करतात, धागे सैल होतात, नवे घातले जातात. गंमत म्हणजे सेल्युलोज विणणारी यंत्रणा पटलातच बसलेली असते आणि धागा बाहेरच्या बाजूला सोडते. भित्तिका ही पटलाचीच करणी. काम संपल्यावर पेशी मेली तरी भित्तिका उरते, हे मात्र खरं. विदर्भातल्या कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच लांबलचक पेशी. ती मेल्यावर राहिलेली, नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असलेली भित्तिका आपण अंगात घालतो. लाकूडही तसंच.

आता तुम्ही म्हणाल, एवढा काथ्याकूट कशाला? कारण औषधं हा फरक पाळतात. वाढणारा जीवाणू आपल्या भित्तिकेत जुने टाके उसवत नवे घालत असतो. पेनिसिलिन नवे टाके घालणाऱ्या विकराला बंद पाडतं. उसवणं मात्र चालूच राहतं. भित्तिका कमजोर पडते, आतल्या दाबाने पटल बाहेर येतं आणि फुटतं. पेनिसिलिन पटलाला हात लावत नाही, फक्त टायर काढून घेतं. आपल्या पेशींना भित्तिकाच नसल्याने ॲलर्जी सोडली तर आपल्याला त्याचा फारसा उपद्रव नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला तो याच औषधासाठी. मायकोप्लाझ्मा या जीवाणूंना मात्र भित्तिका नसते, म्हणून त्यांच्यामुळे झालेल्या न्यूमोनियावर पेनिसिलिन फुकट जातं. डॉक्टर दुसऱ्या गटातलं प्रतिजैविक देतात. (ग्रॅम-ऋण नावाच्या गटातल्या जीवाणूंना भित्तिकेच्याही बाहेर आणखी एक पटल असतं, आणि पुष्कळ औषधं तिथेच अडतात. तेव्हा ‘भित्तिका नेहमी सगळ्यांत बाहेर’ हेही सरसकट लिहू नका.)

बुरशीच्या बाबतीत डाव फिरतो. तिच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नाही, त्यामुळे पेनिसिलिनला धरायला तिथे काही सापडतच नाही. पण बुरशीच्या पटलात आपल्या कोलेस्टेरॉलच्या जागी एर्गोस्टेरॉल असतं. बुरशीवरच्या औषधांपैकी फ्लुकोनॅझोल ते बनू देत नाही, अँफोटेरिसिन त्यालाच जाऊन चिकटतं. नायटा हाही बुरशीचाच, त्यावर घरात उरलेल्या पेनिसिलिन गटातल्या गोळ्या घेऊन उपयोग का होत नाही, याचं कारण भित्तिकेतला हाच फरक. १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगच्या बशीत आजूबाजूचे जीवाणू विरघळत असताना पेनिसिलिन सोडणारी पेनिसिलियम बुरशी स्वतः ठणठणीत वाढत होती, त्याचंही कारण हेच.