समुद्री शेवाळाच्या अर्काचे जंतुरोधक गुण
समुद्री शेवाळ म्हणजेच सीवीड, त्याच्या अर्काने काही बॅक्टेरिया आणि बुरशींची वाढ थांबते किंवा ते मरतात, त्याला जंतुरोधक गुण म्हणतात. शेवाळ जागचं हलत नाही आणि पाण्यात जंतू तर सगळीकडे, मग अंगावर त्यांचा थर बसू नये म्हणून ते स्वतःच रसायनं बनवतं. सरगॅसमसारख्या तपकिरी शेवाळात फ्लोरोटॅनिन नावाची टॅनिनसारखी रसायनं सापडतात, लाल शेवाळात ब्रोमिन-क्लोरिनवाली संयुगं. ऑस्ट्रेलियातल्या डेलिसिया पल्क्रा या लाल शेवाळाची फ्युरॅनोन नावाची रसायनं तर जंतूंना मारण्यापेक्षा त्यांचे आपसातले रासायनिक निरोपच बिघडवतात, मग चिकट थर जमतच नाही.

टेस्ट साधी आहे. वाळवलेलं शेवाळ दळून मिथेनॉलमध्ये (एक अल्कोहोल, इथला सॉल्व्हंट म्हणजे विरघळवणारा द्रव) भिजवायचं, गाळायचं, सॉल्व्हंट उडवायचा, मग तो काळपट चिकट अर्क 6 मिमीच्या कागदी चकतीवर घेऊन जंतू पसरलेल्या प्लेटवर ठेवायचा आणि 37 अंशावर रात्रभर सोडायचं, सकाळी चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसलं तर अर्काने काम केलं (शेजारी नुसत्या सॉल्व्हंटची चकती पाहिजेच, नाहीतर श्रेय कोणाचं?). गंमत म्हणजे प्लेटमध्ये जंतू वाढवायची जेली म्हणजे अगार, तेही लाल शेवाळाचंच. 1880 च्या दशकात जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या लॅबमध्ये ते तिथल्या एका सहकाऱ्याच्या पत्नी फॅनी हेसे यांच्या सूचनेवरून आलं, कारण आधी वापरायचे ते जिलेटिन 37 अंशाला पातळ व्हायचं.

साधारणपणे स्टॅफिलोकोकससारखे ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू (ज्यांना बाहेरचं जास्तीचं आवरण नसतं) लवकर हार मानतात, ई. कोलायला ते असतं म्हणून तो चिवट. पण वर्तुळ मोठं म्हणजे औषध भारी असं नाही हां, अर्क जेलीत किती पसरतो त्यावरही ते अवलंबून असतं, म्हणून वाढ रोखायला कमीत कमी किती अर्क लागतो तेही मोजतात. आणि प्लेटवर चाललं ते शरीरात चालेलच असं नाही, विषारीपणा वेगळा तपासावा लागतो.

ठाणे-नवी मुंबईकडे सरगॅसम शोधायला जाऊ नका, खाडी चिखलाची आणि तिवरांची, त्याला मालवणसारखा खडकाळ किनारा लागतो. खाडीत ओहोटीला दगडांवर उल्वा हे हिरवं शेवाळ दिसतं. ते गोळा करणं सोपं, त्यावरून निष्कर्ष काढणं अवघड, कारण खाडीत कारखान्यांचं पाणी वर्षानुवर्षं आलंय आणि शेवाळ जड धातू शोषून घेतं. तांबं, जस्त हे धातू स्वतःच जंतू मारतात, म्हणजे पाण्यात काढलेल्या अर्काने वर्तुळ आलं तरी ते शेवाळाच्या रसायनाचं की धातूचं, हे धातू मोजल्याशिवाय सांगता येत नाही.