मॅनिफोल्ड व्हॅक्यूम की पोर्टेड? जुन्या एमजीबीची नळी लावण्याआधी

रंगकामासाठी इंजिन उतरवताना एका गॅरेजनं माझ्या एमजीबीच्या, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या, सगळ्या नळ्या काढल्या आणि एका पिशवीत भरून हातात दिल्या. कुठली कुठं होती याची एकही खूण ठेवली नव्हती. वर्षभरानं इंजिन परत बसलं, तेव्हा उद्यमनगरातल्या मिस्त्रीकाकांसमोर मी ती पिशवी रिकामी केली. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे सिलेंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागाची (गॅरेजच्या भाषेत डेल्कोची), बारीक नळी सापडली. पण ती बसेल अशी दोन तोंडं होती, एक कार्ब्युरेटरवर आणि एक मॅनिफोल्डवर, म्हणजे कार्ब्युरेटरकडून इंजिनात मिश्रण नेणाऱ्या पाइपवर. जाडी सारखीच, नळी दोन्हीकडं घट्ट बसते, गाडी दोन्हीवर चालू होते. म्हणूनच इथं घोळ होतो.

इंजिन हवा ओढतं आणि कार्ब्युरेटरमधली थ्रॉटलची चकती ती हवा अडवते. चकतीच्या इंजिनाकडच्या बाजूला जी ओढ तयार होते, तो मॅनिफोल्ड व्हॅक्यूम. गाडी स्लोला उभी असताना चकती जवळजवळ बंद असते, त्यामुळं ओढ भरपूर. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन व्हॅक्यूम गेजवर साधारण 17 ते 21 इंच पारा दाखवतं. कोल्हापूर सुमारे 570 मीटर उंचीवर आहे. हजार फुटाला एक इंच या हिशेबानं आपल्याकडं काटा दोनेक इंच खालीच राहतो. पुस्तकातले 18 इथं 16 दिसले, तर व्हॉल्व्ह गेले समजून हेड उघडायला बसू नका.

पोर्टेड व्हॅक्यूमचं छिद्र त्याच चकतीच्या कडेशी असतं, पण किंचित अलीकडं, एअर फिल्टरच्या बाजूला. चकती बंद असताना त्याला ओढच लागत नाही. पाय दाबला की चकतीची कड छिद्रावरून सरकते, छिद्र इंजिनाच्या बाजूला जातं आणि तिथून पुढं दोन्ही तोंडांवरचा आकडा जवळपास एकच. पन्हाळ्याला जाताना वाघबिळाचा चढ पूर्ण पाय दाबून चढलात, तर दोन्हीकडं जवळजवळ शून्य. फरक उरतो तो फक्त गाडी स्लोला असताना आणि पाय सोडून उतार उतरताना. पोर्टेड व्हॅक्यूम वेगाबरोबर वाढत जातो असं बरेच जण सांगतात, ते चूक आहे. वेगाप्रमाणं टायमिंग पुढं नेण्याचं, म्हणजे ठिणगी आधी पाडण्याचं, काम डेल्कोच्या आतली वजनं करतात. व्हॅक्यूम बघतो तो इंजिनावरचा भार. भार हलका असला की सिलेंडरमध्ये मिश्रण विरळ असतं, ते सावकाश जळतं, म्हणून ठिणगी आधी पडावी लागते.

मग नळी कुठं लावायची? नळी डेल्कोवरच्या ज्या गोल डबीत जाते, तिच्यावरच उत्तर कोरलेलं असतं. लुकास कंपनीच्या डबीवर 5-13-10 असे तीन आकडे दिसतात. 5 इंचाला डबी हलायला लागते, 13 इंचाला पूर्ण ओढली जाते, आणि डेल्को जास्तीत जास्त 10 अंश फिरवते. डेल्को क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगानं फिरतो, म्हणजे क्रँकवर ते 20 अंश. आता माझ्या गाडीचा हिशेब करा. नळी मॅनिफोल्डला लावली की स्लोलाच 16 इंच, म्हणजे डबी पूर्ण ओढलेली, टायमिंग 20 अंश पुढं.

आम्ही नेमकं तेच केलं. शिवाय नळी न काढताच टायमिंग लाइट लावून आकडा जुळवला, म्हणजे मूळ टायमिंग तेवढंच मागं गेलं. गावात गाडी गोड चालली. वाघबिळाशी पाय दाबल्याबरोबर व्हॅक्यूम गेला आणि उशिराची ठिणगी उघडी पडली. तिसऱ्या गिअरला ओढेना, दुसऱ्याला तापायला लागली. काकांनी बाजूला घ्यायला लावली. बॉनेट उघडून नळी काढली, तिच्या तोंडावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, “हिचं टायमिंग परत बघायचं.” परतल्यावर नळी कार्ब्युरेटरच्या तोंडावर गेली, आणि टायमिंग नळी काढून, तोंड बंद करून लावलं. पुढच्या रविवारी गाडी तिसऱ्यातच वर गेली.

पोर्टेड म्हणजे प्रदूषणाच्या कायद्यासाठी आलेली तडजोड, असंही ऐकायला मिळतं. एमजीबी 1962 ला आली तेव्हाच तिची नळी कार्ब्युरेटरवर होती. अमेरिकेचे देशव्यापी नियम 1968 च्या मॉडेलपासून लागू झाले. पुढं काही सालांत कंपनीनं मॅनिफोल्डवरची जोडणी वापरली, तीही त्या सालच्या डेल्कोसाठी बरोबरच होती. माझं मत स्पष्ट आहे: डेल्को ज्या सालचा, नळी त्या सालची.

ब्रेक सर्वोच्या, म्हणजे व्हॅक्यूमच्या ओढीनं पेडलला जोर देणाऱ्या भागाच्या, बाबतीत मात्र निवडीचा प्रश्नच नाही. सर्वोची जाड नळी मॅनिफोल्डलाच, नॉन-रिटर्न (हवा एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या) व्हॉल्व्हसकट. ब्रेक मारताना ॲक्सिलरेटरवर पाय नसतो, आणि तेव्हाच पोर्टेडची ओढ शून्य असते. जिवाचा मामला आहे. नळी आतून विणलेल्या थराची हवी, साधी नळी ओढीनं चपटी होते. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे.

बारीक नळीची वाट ठरवताना एमजीबीत एक अडचण येते. कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला, डेल्को दुसऱ्या बाजूला. नळी इंजिन ओलांडून न्यावी लागते. एक्झॉस्टपासून लांब ठेवा, पिळू देऊ नका, आणि कार्ब्युरेटरकडून निघाल्यावर आधी वर चढवा, म्हणजे पेट्रोल डबीच्या आतल्या पडद्यापर्यंत पोचत नाही. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतूनही जातं, त्याबद्दल तक्रार नाही, पण जुन्या पद्धतीचं रबर त्यानं फुगतं आणि मऊ पडतं. माझी पिशवीतली नळी बोटानं दाबली तर तशीच दबून राहिली. तिच्या जागी व्हायटॉनचं, म्हणजे इंधनाला टिकणाऱ्या रबराचं, अस्तर असलेली घेतली, आणि दोन्ही टोकांना पांढऱ्या टेपवर जागेचं नाव लिहून गुंडाळलं.