गोळी नेमकं कोणतं दुखणं शमवते?

अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीतले आकडे मला आजही अस्वस्थ करतात. चिंताविकार किंवा नैराश्य असलेले लोक तिथल्या प्रौढांमध्ये सुमारे १६ टक्के होते. पण वर्षभरात लिहिल्या जाणाऱ्या ओपिऑइडच्या साडेअकरा कोटी चिठ्ठ्यांपैकी निम्म्याहून जास्त याच लोकांच्या हातात पडत होत्या. ओपिऑइड म्हणजे मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, फेंटानिल अशी अफूच्या जातकुळीतली वेदनाशामकं. ज्यांना त्यांची सवय जडण्याचा धोका अधिक, त्यांनाच ती अधिक मिळत होती. संशोधक याला ‘उलटी निवड’ म्हणतात.

असं का होतं, हे कळायला आधी वेदना समजून घ्यावी लागते. बोट कापल्यावर येणारी कळ उपयोगाची असते आणि जखम भरली की ती जाते. तीन महिने उलटूनही जात नाही ती दीर्घकालीन वेदना. मूळ इजा कधीच भरून आलेली असू शकते, पण मज्जारज्जूतल्या आणि मेंदूतल्या चेतापेशी इतक्या हळव्या होतात की कधीकधी साध्या स्पर्शानेही ठणका उठतो. हे दुखणं खरं असतं. अशा माणसाला ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असं ऐकवणं क्रूरपणाचं आहे, आणि शास्त्राच्या दृष्टीनेही चूक.

मेंदूत वेदनेचं असं एकच केंद्र नाही. कुठे दुखतंय हे काही भाग सांगतात. ते किती छळतंय हे ठरवण्यात अँटीरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स, इन्सुला, अमिग्डाला यांचा मोठा वाटा असतो, आणि भीती, काळजी, उदासी यांतही हेच भाग गुंतलेले असतात. शिवाय मेंदूच्या खोडातून मज्जारज्जूकडे उतरणारे काही चेतामार्ग वर येणारे वेदनासंदेश दाबून धरतात. ते काम मुख्यतः सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनलिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनांच्या बळावर चालतं. म्हणूनच ड्युलोक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध काही जुनाट दुखण्यांवरही लागू पडतं. दुखण्याने झोप उडते, कामं सुटतात, मन खचतं आणि खचलेल्या मनाला तेच दुखणं आणखी जड होतं. आपल्या भाषेत दुखणं आणि दुःख एकाच मुळाचे शब्द आहेत, ते मला फार नेमकं वाटतं.

ओपिऑइडची गोळी चेतापेशींवरच्या ज्या जागांना, म्हणजे म्यू रिसेप्टरांना, जाऊन चिकटते, ते मज्जारज्जूत असतात तसे भावनांशी निगडित भागांतही असतात. त्यामुळे गोळी घेतलेले कित्येक रुग्ण म्हणतात, ‘दुखतंय अजून, पण त्याचा त्रास वाटत नाही.’ दुखण्याबरोबर उदासीही थोडा वेळ बोथट होते. डॉक्टरांसमोर बसलेला माणूस तळमळत असतो, त्याच्या मनाची चौकशी करायला वेळ लागतो आणि चिठ्ठी दोन मिनिटांत होते. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो.

पुढे मात्र शरीर औषधाला सरावतं आणि तेवढ्याच आरामासाठी डोस वाढवावा लागतो. काहींच्या बाबतीत ओपिऑइडमुळे वेदनेची संवेदनाच उलट तीव्र होते. महिनोन्महिने ही औषधं घेणाऱ्यांत नव्याने नैराश्य येण्याचं प्रमाण वाढलेलंही आढळलं आहे. एवढी किंमत मोजून आराम तरी जास्त मिळतो का? पाठदुखी किंवा गुडघा-खुब्याच्या संधिवाताने त्रस्त २४० माजी सैनिकांवर वर्षभर चाललेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. दैनंदिन हालचालींत ओपिऑइड आणि साधी वेदनाशामकं यांत फरक पडला नाही. वेदनेची तीव्रता तर साध्या औषधांच्या गटात किंचित कमी होती. (शस्त्रक्रियेनंतर किंवा कर्करोगाच्या अखेरच्या काळात मॉर्फिन लागतंच. ते नाकारणं हा वेगळाच अन्याय.)

हे उमजल्यावर काही ठिकाणी औषध एका झटक्यात तोडलं गेलं. त्याने विड्रॉवल (सवयीचं औषध तुटल्यावर होणारी शरीराची तगमग), असह्य वेदना, आत्महत्येचे विचार अशी संकटं ओढवली आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेला त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. तिथल्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ ओपिऑइड घेणाऱ्याचा डोस कमी करायचा झाला, तर तो महिन्याला १० टक्के किंवा त्याहूनही सावकाश उतरवलेला अधिक सोसतो. त्या महिन्यांत त्याच्या झोपेची आणि मनाची विचारपूस दर भेटीत व्हायला हवी. पहिली चिठ्ठी लिहिण्याआधीच ती झाली असती, तर कित्येकांना हा उतार उतरावाच लागला नसता.