न रंगवता वाचलेली बायोप्सी

बायोप्सीचा तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये जातो, मग मेणात. मग त्याचे चार-पाच मायक्रोमीटर जाडीचे काप काढून ते हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने रंगवतात. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दिसतात, बाकीचा भाग गुलाबी. पॅथॉलॉजिस्ट पेशींचा आकार आणि मांडणी पाहून निदान करतात. ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे आणि आजही सगळी भिस्त तिच्यावरच आहे. पण पेशीत कोणती रसायनं किती आहेत, हे त्या रंगांवरून फारसं कळत नाही.

ते इन्फ्रारेड प्रकाशातून कळू शकतं. रेणूंमधले बंध ठरावीक कंप्रतेने थरथरतात आणि त्याच कंप्रतेचा प्रकाश शोषतात. कोणत्या कंप्रतेचा प्रकाश किती शोषला गेला, याचा आलेख म्हणजे वर्णपट. त्यात प्रथिनांचा ठळक उंचवटा १६५० प्रति सेंटिमीटरच्या (कंप्रता सांगण्याचं इथलं एकक) आसपास येतो, मेदाचे २८५० आणि २९२० जवळ, तर न्यूक्लिक आम्लांतल्या फॉस्फेटचे १०८० आणि १२४० जवळ. रोगट ऊतीत या उंचवट्यांचं आपसातलं प्रमाण किंचित बदलतं. फरक इतका बारीक की डोळ्यांना सहसा दिसत नाही, म्हणून मशीन लर्निंग, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं यंत्र, लागतं. २००५ साली संशोधक रोहित भार्गव आणि सहकाऱ्यांनी प्रोस्टेटच्या ऊतींवर हे करून दाखवलं.

प्रत्यक्षात अडचणी काचपट्टीपासूनच सुरू होतात. साधी काच यातला बराचसा प्रकाश अडवते, म्हणून बेरियम फ्लोराइडसारखी महाग पट्टी घ्यावी लागते. मेणाचे उंचवटे नेमके मेदाच्याच जागी येतात, आणि झायलीन या द्रावकाने मेण धुवावं तर ऊतीतला बराच मेदही त्यासोबत जातो.

मला मात्र सर्वांत जास्त काळजी वाटते ती आकडेवारीची. एकाच कापातून हजारो, कधी लाखो वर्णपट मिळतात, पण रुग्ण एकच असतो. त्याचे निम्मे वर्णपट शिकवायला आणि निम्मे परीक्षेला ठेवले, तर पेपर आधीच फुटलेला असतो. यंत्र रोगाऐवजी तो रुग्ण, किंवा त्या प्रयोगशाळेची काप काढण्याची पद्धतच ओळखायला शिकतं, आणि अचूकतेचा आकडा विनाकारण फुगतो. म्हणून अशा संशोधनाची बातमी वाचताना एवढं नक्की बघावं: चाचणीतले रुग्ण यंत्राला पूर्णपणे नवे होते का, आणि त्यांच्या बायोप्सी दुसऱ्या रुग्णालयातून आल्या होत्या का.