कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात इंग्लिश कॉम्पोझिशन: एच-४ वर असाल तर अर्ज कुठे अडकतो

एच-४ म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसासोबत (बहुधा एच-१बी) बायकोला मिळणारा व्हिसा. त्यावर असाल आणि नर्सिंगचा प्रवेश, असोसिएट डिग्री (दोन वर्षांची पदवी) किंवा पुढे मोठ्या विद्यापीठात ट्रान्स्फर, यातलं काहीही डोक्यात असेल तर पहिल्या वर्षाचा इंग्लिश कॉम्पोझिशनचा, म्हणजे इंग्लिश वाचन आणि निबंधलेखनाचा, कोर्स चुकत नाही. २०२५ च्या फॉल सत्रापासून राज्यभरच्या कम्युनिटी कॉलेजांत त्याला एकच क्रमांक आहे, इंग्लिश सी-१०००. पूर्वी अनेक ठिकाणी तो इंग्लिश १-ए होता. मैत्रिणीने सांगितलेला जुना नंबर शोधत बसू नका.

"माझं बी.कॉम. इंग्लिश मीडियममधून झालंय, मला कशाला?" हा प्रश्न दर सत्राला येतो. ट्रान्स्फरच्या नियमांत भारतातल्या विद्यापीठाचं इंग्लिश या कोर्सच्या जागी धरत नाहीत. ट्रान्स्क्रिप्टचं मूल्यांकन इतर विषयांसाठी करायचं तर जरूर करा, पण केवळ हा कोर्स टळेल या आशेने पैसे भरू नका. आधी कॉलेजच्या काउन्सेलरला विचारा.

अर्ज ऑनलाइन आणि फुकट असतो. राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या सामाईक साइटवर ओपन सीसीसी हे खातं उघडायचं, सीसीसी अप्लाय हा अर्ज भरायचा, कॉलेज निवडायचं. एच-४ वर शिकायला परवानगी आहे, त्यासाठी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा करून घ्यावा लागत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर "माझ्याकडे नाही" हा पर्याय निवडा, नवऱ्याचा नंबर टाकू नका. (हे लिहावं लागतंय, कारण लोक टाकतात.) फेडरल आर्थिक मदतीचा फॉर्म एच-४ साठी नाही, त्यात वेळ घालवू नका. आणि बी-२ या पर्यटक व्हिसावर आलेल्या सासूबाईंना "नुसतं बसायला" म्हणूनही क्रेडिट कोर्सला (पदवीसाठी मोजल्या जाणाऱ्या कोर्सला) घालू नका. त्या व्हिसावर अभ्यासक्रमाला प्रवेश घेता येत नाही आणि त्याचे परिणाम त्यांना भोगावे लागतील.

आता अडकण्याच्या जागा.

पहिली रेसिडेन्सी, म्हणजे फीसाठी राज्याचे रहिवासी ठरणं. फी युनिटवर असते, युनिट म्हणजे कोर्स किती मोठा आहे याचं माप. राज्याच्या रहिवाशाला सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात युनिटमागे ४६ डॉलर पडतात, डी अँझासारख्या क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात ३१. रहिवासी नाही असं ठरलं तर त्यावर सेमिस्टर पद्धतीत युनिटमागे साधारण तीनशे डॉलरच्या पुढे जादा फी लागते. तीन-चार युनिटचा कोर्स म्हणजे दीड-दोनशे डॉलरचं काम हजाराच्या वर जातं. एच-४ वाल्यांना रहिवासी ठरता येतं, पण सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवशी कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस पूर्ण झालेला हवा. अर्ज केल्याचा दिवस किंवा वर्गात नाव नोंदवल्याचा दिवस इथे मोजत नाहीत. वर्ष सप्टेंबरात पूर्ण होत असेल आणि फॉल ऑगस्टमध्ये सुरू होत असेल, तर तुम्ही त्या फॉलसाठी बाहेरच्या. स्प्रिंगपर्यंत, म्हणजे पुढच्या सत्रापर्यंत, थांबणं हाच शहाणपणा.

अर्जाच्या याच भागात एक प्रश्न असतो: कॅलिफोर्नियातलं सध्याचं वास्तव्य कधी सुरू झालं? इथे कितीतरी जणी भारतातून शेवटचं परत आल्याची तारीख टाकतात. दिवाळीला किंवा भावाच्या लग्नाला दोन महिने घरी गेलात, म्हणजे वास्तव्य तुटत नाही. घर इथेच होतं, भाडं चालू होतं, परत यायचं ठरलेलंच होतं. राहायला आलात ती मूळ तारीख लिहा. चुकीची तारीख टाकली की संगणक सरळ "नॉन-रेसिडेंट" शिक्का मारतो, आणि मग तो पुसायला खिडकीवर कागद घेऊन उभं राहावं लागतं.

आणि कागद कोणते? इथे खरी पंचाईत. लीज नवऱ्याच्या नावावर, वीजबिल नवऱ्याच्या नावावर, गाडी त्याची, बँकेत पगार त्याचा. तीन वर्षं संसार करणाऱ्या बाईकडे आपण इथे राहतो याचा एकही पुरावा नाही, आणि नियम सांगतो की सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. व्यवस्थेने हा प्रश्न कधी स्वतःला विचारला असेल असं वाटत नाही. म्हणून कोर्स पुढच्या वर्षी करायचा असला तरी कागदांची सुरुवात आज करा. डीएमव्हीचं (राज्याच्या वाहन खात्याचं) लायसन्स काढा, गाडी चालवायची नसेल तर आयडी कार्ड काढा. त्यावरची तारीख कामाला येते. लीजवर आणि एका तरी बिलावर आपलं नाव चढवून घ्या, जॉइंट खातं उघडा. राज्याचा कर संयुक्त भरला असेल तर फॉर्म ५४० वर (राज्याच्या कर विवरणपत्रावर) तुमचंही नाव असतं आणि तो वजनदार पुरावा आहे. मात्र ज्या वर्षी न्यू जर्सीहून किंवा दुसऱ्या राज्यातून आलात, त्या वर्षाचा फॉर्म बहुधा ५४०-एनआर असेल. तो वर्षाच्या काही भागाचंच वास्तव्य दाखवतो, लपवू नका आणि घाबरूही नका.

अर्जात स्टेटसची, म्हणजे इथे राहण्याच्या परवानगीची, मुदत विचारतात तिथे पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख टाकली जाते. हवी असते आय-९४ ची, म्हणजे देशात प्रवेश करताना झालेल्या नोंदीवरची. व्हिसा संपलेला असूनही स्टेटस चालू असू शकतं. इथेच मुदत वाढवून घेतली असेल तर नवं आय-९४ हे आय-७९७ या मंजुरीपत्राच्या तळाशी असतं. त्यानंतर प्रवास केला असेल तर परत येताना मिळालेलं सर्वात नवं धरा, आणि ते नीट वाचा, कारण पासपोर्ट लवकर संपत असेल तर तिथली तारीखही तेवढीच तोकडी देतात.

नावाचं प्रकरण आपल्याकडचंच. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. अर्जात पासपोर्टप्रमाणेच लिहा, माहेरचं नाव "पूर्वीचं नाव" या रकान्यात घाला आणि विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवा.

दुसरी मोठी अडचण प्लेसमेंट, म्हणजे कोणत्या पातळीच्या वर्गात बसायचं हे ठरणं. कॅलिफोर्नियात आता प्रवेशाची इंग्लिश परीक्षा नाही. २०१७ च्या एबी ७०५ या कायद्याने ती पद्धत मोडीत काढली. अमेरिकेत हायस्कूल झालेल्यांचं स्थान त्यांच्या गुणांवरून ठरतं. आपल्याकडे ते गुण नाहीत, त्यामुळे एक प्रश्नावली भरून आपणच ठरवायचं. बारावीची मार्कशीट पुण्याहून मागवायची गरज यासाठी पडत नाही. ही प्रश्नावली भरली नाही तर नोंदणी करताना "पूर्वअट पूर्ण नाही" असा संदेश येतो, आणि बिचाऱ्या बायका समजतात आपण नापास झालो.

"मातृभाषा इंग्लिश नाही" म्हटलं की पुष्कळदा ईएसएलचा, म्हणजे इंग्लिश दुसरी भाषा असणाऱ्यांच्या वर्गांचा, रस्ता दाखवला जातो. मराठी खरं लिहा, पण नम्रपणे ईएसएल स्वीकारू नका. ऑफिसात इंग्लिश ईमेल लिहून नोकरी केलेलीने काउन्सेलरला भेटून थेट सी-१००० मागावा, धाकधूक असेल तर सोबतच्या सपोर्ट वर्गासकट. उलट, शाळा मराठी माध्यमाची आणि पंधरा वर्षांत इंग्लिश परिच्छेद लिहिलेला नाही, तर ईएसएलमध्ये कमीपणा काही नाही. नॉनक्रेडिट (पदवीसाठी न मोजलं जाणारं) ईएसएल तर फुकट असतं.

तयारीबद्दल एवढंच: व्याकरणाने कोणी फारसं बुडत नाही. बुडतात ते गाइडच्या सवयीने. सुविचाराने सुरुवात, दोन्ही बाजू मांडणी, शेवटी "म्हणून सर्वांनी प्रयत्न करावेत" असा निबंध इथे चालत नाही. एक ठाम म्हणणं, त्यासाठी मजकुरातला पुरावा आणि कोणाचं वाक्य कुठून घेतलं याची एमएलए पद्धतीने नोंद लागते. नोंद न करता उचललेला परिच्छेद चोरी धरला जातो, हेतू काहीही असो. सत्राआधी आठवड्याला एक लेख वाचून पानभर लिहा: लेखक काय म्हणतो आणि मला ते का पटतं किंवा पटत नाही. कॉलेजचं लेखन केंद्र फुकट असतं, लाजू नका.

पहिला वर्ग चुकवलात तर नाव कापलं जाऊ शकतं आणि जागा वेटिंगवालीला जाते. कोर्स सोडायच्या तारखा तीन असतात: पैसे परत मिळण्याची, रेकॉर्डवर खूण न राहता सोडण्याची आणि "डब्ल्यू" (कोर्स मधेच सोडल्याची रेकॉर्डवरची खूण) घेऊन सोडण्याची. लोक शेवटची बघतात आणि फी परत मागायला जातात. फी परतीची तारीख पूर्ण सत्राच्या वर्गाला साधारण दुसऱ्या आठवड्यात संपते, आणि उशिरा सुरू होणाऱ्या छोट्या वर्गांना ती वेगळी असते. आपल्या वर्गाच्या तपशिलात ती पहिल्याच दिवशी पाहून घ्या.