अतिप्रचंड मूल्याच्या चलनी नोटा

चलनाची किंमत झपाट्याने घसरू लागली की जुन्या नोटांत रोजचे व्यवहार उरकत नाहीत. मग सरकारला लाख, कोटी, लाख कोटी अशा चढत्या दर्शनी किमतीच्या नोटा काढाव्या लागतात. या अवस्थेला अतिचलनवाढ किंवा हायपरइन्फ्लेशन म्हणतात. अर्थशास्त्रज्ञ फिलिप केगन यांनी १९५६ मध्ये तिची सीमारेषा आखली : किमती एका महिन्यात ५० टक्क्यांहून अधिक वाढल्या की अतिचलनवाढ सुरू झाली असे मानायचे. हा आकडा ऐकायला सौम्य वाटतो. पण त्या वेगाने वर्षभरात किमती जवळजवळ १३० पट होतात, आणि इतिहासातल्या मोठ्या घटनांपुढे एवढी वाढ काहीच नव्हे.

आजवर वापरात आलेली सर्वांत मोठ्या मूल्याची नोट हंगेरीची. १९४६ मधली ही नोट दहा कोटी बी-पेंग्यो इतक्या मूल्याची होती. पेंग्यो हे तिथले चलन. दहा लाख पेंग्यो म्हणजे एक मिलपेंग्यो आणि लाख कोटी पेंग्यो म्हणजे एक बी-पेंग्यो, अशी सोय शून्ये आवरण्यासाठी केली होती. हिशेब मांडला तर या नोटेची किंमत एकावर २० शून्ये इतके पेंग्यो भरते. नोटेवर मात्र हा आकडा कुठेच नाही. दर्शनी बाजूला डोक्याला रुमाल बांधलेली एक स्त्री, मागे बुडापेस्टचे संसदभवन आणि मूल्य फक्त अक्षरांत. याच्याही दहापट मूल्याची नोट छापून तयार होती, पण ती बाहेर येण्याआधीच ते चलन संपले.

जुलै १९४६ मध्ये हंगेरीत किमती साधारण १५ तासांत दुप्पट होत होत्या. या गतीने आठवडाभरात एखादी वस्तू २,३०० पटींहून महाग होते. १ ऑगस्ट १९४६ रोजी फोरिंट हे नवे चलन आले, तेव्हा एका फोरिंटला ४ वर २९ शून्ये इतके पेंग्यो असा दर ठरला. म्हणजे वर सांगितलेल्या सर्वांत मोठ्या नोटा ४०० कोटी गोळा केल्या, तर हातात एक फोरिंट! देशभर फिरणारे सगळे पेंग्यो एकत्र करूनही एका फोरिंटची भरपाई झाली नसती.

जर्मनीची नोट वेगळ्या कारणाने पाहण्यासारखी आहे. १५ डिसेंबर १९२२ ही तारीख असलेली हजार मार्कांची एक नोट होती. सप्टेंबर १९२३ मध्ये तिच्यावरच लाल शाईत ‘एक मिलियार्ड मार्क’, म्हणजे शंभर कोटी मार्क, असा ठसा उमटवून ती चलनात आणली गेली. कागद तोच, नक्षी तीच, तारीखही जुनीच. दर्शनी किंमत तेवढी दहा लाख पट. त्या वर्षी राइक्सबँकेने, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने, शंभराहून अधिक खासगी छापखाने कामाला लावले होते. वेळ वाचावा म्हणून अनेक नोटा एकाच बाजूने छापत. १९१४ मध्ये एका अमेरिकन डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी. आकडे तेच राहिले, मध्ये १२ शून्ये आली.

या संख्यांना नावे देतानाही गोंधळ होतो. जर्मन भाषेतला ‘बिलियन’ म्हणजे इंग्रजीतला ‘ट्रिलियन’. त्यामुळे जर्मनीची शंभर बिलियन मार्कांची नोट आणि झिंबाब्वेने जानेवारी २००९ मध्ये काढलेली शंभर ट्रिलियन डॉलरची नोट यांवरची संख्या एकच आहे : एकावर १४ शून्ये, आपल्या बोलीत कोटी कोटी. भास्कराचार्यांच्या संख्यानामावलीत तिला ‘जलधी’, म्हणजे समुद्र, असे नाव आहे. ती नामावली एकावर १७ शून्यांच्या परार्धापाशी थांबते. हंगेरीची नोट हजार परार्धांची होती.

एवढ्या संख्येचा अंदाज यावा म्हणून ती काळात मोजण्याची पद्धत आहे. दहा लाख सेकंद म्हणजे साडेअकरा दिवस, शंभर कोटी सेकंद म्हणजे सुमारे ३२ वर्षे आणि कोटी कोटी सेकंद म्हणजे जवळजवळ ३२ लाख वर्षे. याने संख्येचा आवाका कळतो, पैशाचा नाही. नोटेवरच्या शून्यांतून काही समजून घ्यायचे असेल तर किमती दुप्पट व्हायला किती वेळ लागतो हे विचारावे. झिंबाब्वेत नोव्हेंबर २००८ च्या मध्यास हा काळ एका दिवसावर आल्याचा अंदाज आहे. तिथे पगार हाती येऊन दोन दिवस पडून राहिला, तर त्याचा चौथा हिस्सा उरत असे.

मुळात सरकारचा खर्च करांतून भागत नाही, कर्ज कुणी देत नाही, आणि मध्यवर्ती बँक नोटा छापून तूट भरते. युद्धाने उद्ध्वस्त झालेली हंगेरी युद्धभरपाईही देत होती. जर्मनीत जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स व बेल्जियमने रूर हे औद्योगिक खोरे ताब्यात घेतल्यावर त्याच्या निषेधार्थ संपावर गेलेल्या कामगारांना पोसण्याचा खर्च सरकारवर पडला. आकारलेला कर तिजोरीत येईपर्यंत कवडीमोल होतो, त्यामुळे तूट आणखी वाढते. लोकही पैसा हातात ठेवत नाहीत, मिळाला की त्याची वस्तू करून टाकतात. म्हणून किमती नोटांच्याही पुढे धावतात, आणि नोटांचा ढीग वाढत असताना त्या सगळ्या ढिगाची खरी किंमत घटत जाते. बाहेरून हे नोटांच्या टंचाईसारखे दिसते. राइक्सबँकेचे अध्यक्ष रुडॉल्फ हाफेनश्टाइन यांनी तसाच अर्थ लावला आणि छपाई वाढवत नेली. ही चूक फार महागात पडली.

याची सर्वाधिक झळ बचत करणाऱ्याला बसते. पहिल्या महायुद्धाअखेर जर्मन सरकारचे युद्धकर्ज सुमारे १५,४०० कोटी मार्क होते, आणि त्यात सामान्य कुटुंबांनी विश्वासाने घेतलेले रोखे होते. नोव्हेंबर १९२३ मध्ये रेंटनमार्क हे नवे चलन आले, तेव्हा त्यात या साऱ्या कर्जाची किंमत १५.४ फेनिग, म्हणजे एका नव्या मार्काच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी, उरली. ऋणको सुटला, धनको बुडाला.

नुसती शून्ये खोडून हा रोग हटत नाही. झिंबाब्वेने २००६ मध्ये ३, २००८ मध्ये १० आणि २००९ मध्ये १२ शून्ये काढली. व्हेनेझुएलाने २००८, २०१८ आणि २०२१ मध्ये मिळून १४. जर्मनीत रेंटनमार्क टिकला तो छपाईवर मर्यादा घातल्याने आणि सरकारला मध्यवर्ती बँकेकडून मिळणारी उचल थांबल्याने. झिंबाब्वेत स्वतःचे चलन बाजूला सारून अमेरिकन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड वापरात आला, तेव्हा कुठे किमती थांबल्या. जुन्या ठेवींचा निकाल २०१५ मध्ये लागला : ज्यांच्या खात्यात १७५ वर १५ शून्ये इतक्या झिंबाब्वे डॉलरपर्यंत रक्कम होती, त्या प्रत्येकाला सरसकट पाच अमेरिकन डॉलर मिळाले.